अंघोळ नको, कोरडे घर हवे

मराठी घरात स्वच्छतेची सुरुवात अंघोळीपासून होते. पोर मातीत खेळून आले की आधी न्हाणीघरात आणि मग घरात. दिवाळीला अभ्यंगस्नान, पोळ्याला बैलांची अंघोळ आणि घरात कुत्रा असेल तर रविवारी त्याचीही अंघोळ. त्यामुळे घरात हॅमस्टर आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ''याला अंघोळ कधी घालायची?'' या प्रश्नाचे चुकीचे उत्तर त्या मूठभर जिवाच्या अंगाशी येऊ शकते.

हॅमस्टर हा उंदराच्या कुळातला, आखूड शेपटीचा, गालांच्या पिशव्यांत दाणे साठवणारा प्राणी. तो भुंकत नाही, त्याला फिरायला न्यावे लागत नाही आणि त्याचा पिंजरा खोलीच्या एका कोपऱ्यात मावतो. म्हणून 'काही त्रास नसलेला प्राणी' असे समजून तो मुलांच्या हौसेखातर घरी आणला जातो.

झाशी जिल्ह्यातील टहरौली या तहसिलीच्या गावी बदली होऊन आलेले एखादे मराठी कुटुंब डोळ्यांपुढे आणावे. झाशीशी मराठी माणसाचे नाते नेवाळकरांच्या काळापासूनचे. तरी नव्याने आलेल्या दहा वर्षांच्या मुलीला त्या नात्याचे काय? तिची शाळा नवी, मैत्रिणी मागे राहिलेल्या, आजूबाजूची बोली बुंदेली. तिचे मन रमावे म्हणून वडील शहरातून पिंजऱ्यासकट एक सोनेरी हॅमस्टर घेऊन येतात. मुलगी हरखून जाते. आठ-दहा दिवसांत मात्र पिंजऱ्याला वास येऊ लागतो. आई नाकाला पदर लावते आणि म्हणते, ''एक तर याला स्वच्छ ठेव, नाही तर परत पाठव.'' मुलगी बिचारी शाम्पूची पुडी आणि कोमट पाण्याचा तांब्या घेऊन बसते. बुंदेलखंडातल्या उन्हाळ्यात पाणी जपून वापरायचे असते, तरी तिने आपल्या वाट्याचे पाणी त्याच्यासाठी काढून ठेवलेले असते. नेमके इथेच तिला थांबवायला हवे.

कोरड्या मुलखातला पाहुणा

सोनेरी हॅमस्टर मूळचा सिरियातला. अलेप्पोच्या परिसरातल्या या प्राण्याचे शास्त्रीय वर्णन जॉर्ज वॉटरहाउस या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाने १८३९ साली केले. पुढे १९३० मध्ये इस्रायल अहारोनी या प्राणिशास्त्रज्ञाने अलेप्पोजवळच्या शेतातले एक बीळ खोल खणून एक मादी आणि तिची अकरा पिले मिळवली. हे प्राणी हवे होते ते जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातील संशोधनासाठी. बिहार-बंगालला पिढ्यान्‌पिढ्या छळणारा काळा आजार आणि त्याच गटातले इतर रोग यांचा अभ्यास तिथे चालू होता. त्यातली मोजकीच पिले जगली. आज जगभरच्या घरांत आणि प्रयोगशाळांत असलेले जवळजवळ सगळे सोनेरी हॅमस्टर त्यांचेच वंशज मानले जातात.

हा इतिहास सांगण्याचे कारण इतकेच की हा प्राणी कोरड्या प्रदेशातला, जमिनीखाली राहणारा आहे. पाण्यात उतरणे त्याच्या आयुष्यात नाही. मांजरासारखाच तो जागा असताना पुन्हापुन्हा पुढचे पंजे ओले करून तोंड, कान आणि अंग साफ करतो. त्याच्या कातडीतून पाझरणारे तेल केसांचे रक्षण करते. पाणी आणि शाम्पूने ते तेल निघून जाते, अंग गारठते, प्राणी भेदरतो. इतक्या लहान शरीराला तो धक्का पेलवत नाही आणि तो आजारी पडतो. अंगावर काही चिकट सांडले तर तेवढाच भाग कोमट पाण्यात पिळलेल्या मऊ फडक्याने पुसून लगेच कोरडा करावा. एरवी पाणी लावूच नये.

वाळूची अंघोळ

मग मुलीने काय करावे? तिने वाळू आणावी. हॅमस्टर वाळूत लोळतो, अंग घासतो आणि जादा तेल व मळ झटकून टाकतो. पसरट, जड भांड्यात दोन-तीन बोटे वाळू पुरते. वाळू नदीची असेल तर ती बारीक चाळणीने चाळून खडे काढावेत, गढूळपणा जाईपर्यंत धुवावी, उन्हात वाळवावी आणि मग लोखंडी कढईत चांगली तापवून पूर्ण गार करावी. भडभुंजाच्या भट्टीत तापलेल्या वाळूवर चणे फुटताना पाहिलेल्या मुलांना ही कृती वेगळी समजावून सांगावी लागत नाही. कढई मात्र मोठ्या माणसानेच हाताळावी.

वाळू आणि भुकटी यांत फरक आहे. अंगाला लावायची पावडर किंवा पिठासारखी उडणारी धूळ हॅमस्टरच्या फुप्फुसांत जाते आणि श्वासाचे विकार होतात. वाळू रोज चाळून विष्ठा काढावी आणि आठवड्याने बदलावी. बरेच हॅमस्टर वाळूच्या भांड्यातच लघवी करू लागतात. तसे झाले तर आईची वासाची निम्मी तक्रार तिथेच मिटते, फक्त ती वाळू अधिक वेळा बदलावी लागते.

वास कुठून येतो?

वास प्राण्याला येत नाही, त्याच्या घराला येतो. सोनेरी हॅमस्टर बहुधा पिंजऱ्याचा एकच कोपरा लघवीसाठी ठरवून घेतो. तो कोपरा ओळखून तिथले ओले अंथरूण रोज काढावे. काकडी, गाजर, पालक असे ओले खाणे तो बिळात नेऊन साठवतो आणि विसरतो. ते रोज शोधून टाकावे. कोरडे दाणे मात्र राहू द्यावेत. ती त्याची पुंजी आहे, रोज उधळली तर तो अस्वस्थ होतो.

इथे गृहिणीकडून आणखी एक गोष्ट उत्साहाच्या भरात होते. दर दोन दिवसांनी सगळा पिंजरा घासून लख्ख करणे! हॅमस्टर आपले घर वासाने ओळखतो. सगळा वास गेला की त्याला ते परके वाटते आणि तो जोमाने पुन्हा खुणा करू लागतो, म्हणजे वास वाढतोच. म्हणून मोठी सफाई दोन-तीन आठवड्यांनी करावी आणि जुन्या, कोरड्या, स्वच्छ अंथरुणापैकी थोडे परत आत ठेवावे.

पिंजरा साध्या साबणाच्या पाण्याने किंवा पाणी मिसळलेल्या पांढऱ्या व्हिनेगरने धुवावा, दोनदा खळबळून पूर्ण वाळवावा. फिनाईल, डांबराच्या गोळ्या, डासांची कॉइल आणि अगरबत्ती त्याच्यापासून दूर ठेवावी. अंथरुणासाठी शाई नसलेल्या कागदाचे कपटे उत्तम. चीड-देवदाराचा भुसा उग्र असतो. जुन्या गादीतला कापूस तर देऊच नये. त्याचे तंतू पायाला गुंडाळले जातात, गालाच्या पिशवीत अडकतात. पाण्याची बाटली रोज धुवावी आणि तिच्या नळीतून थेंब येतो की नाही हे बोटाने पाहावे.

मळ कोणता, आजार कोणता?

काही गोष्टी मळासारख्या दिसतात पण मळ नसतात. सोनेरी हॅमस्टरच्या दोन्ही कुशींवर काळसर ठिपके असतात. त्या वासाच्या ग्रंथी आहेत, गोचीड समजून त्या खरवडू नयेत. पुढचे दात पिवळे-नारिंगी असणे हाही त्याचा नैसर्गिक रंग आहे. ते जन्मभर वाढतात, म्हणून घासायला ब्रशऐवजी कुरतडायला औषध न फवारलेली पेरूची सुकी काडी द्यावी. नखे फार वाढू नयेत म्हणून पिंजऱ्यात एक सपाट खरबरीत दगड ठेवावा. वाढलेली नखे पशुवैद्याकडूनच कापून घ्यावीत. लांब केसांच्या जातीचे केस लहान मुलांच्या मऊ टूथब्रशने विंचरले तर गुंता होत नाही.

उलट काही गोष्टी नुसत्या घाण वाटतात, पण धोक्याच्या असतात. शेपटीखालचा भाग ओला, चिकट दिसला आणि प्राणी कुबड काढून बसला तर तो जुलाबाचा गंभीर आजार असू शकतो. लहान पिलांत एक-दोन दिवसांत मृत्यू येतो. अशा वेळी पुसत बसू नये, त्याच दिवशी पशुवैद्य गाठावा. केस जाऊन टक्कल पडणे, सतत खाजवणे हे किडींचे लक्षण असू शकते. कुत्र्या-मांजरांची पिसवांची पावडर त्याला लावू नये.

हात आपले धुवावेत

हॅमस्टरला हाताळण्यापूर्वी आणि नंतर साबणाने हात धुणे हा नियम मुलांच्या अंगी बाणवावा. त्याचा मुका घेऊ नये आणि पिंजरा स्वयंपाकघरातल्या भांड्यांच्या जागी धुऊ नये. या प्राण्यांकडून साल्मोनेला जंतूंची बाधा होऊ शकते. पाच वर्षांखालच्या मुलांना अधिक जपावे. घरात गर्भवती असेल तर तिने पिंजऱ्याची सफाई करू नये, कारण उंदीर-हॅमस्टरमधून क्वचित पसरणारा एक विषाणू पोटातल्या बाळाला इजा करतो. जानेवारी २०२२ मध्ये हाँगकाँगमधल्या एका दुकानातल्या हॅमस्टरमध्ये करोनाचा विषाणू सापडला, तेव्हा तिथल्या सरकारने सुमारे दोन हजार लहान प्राणी मारण्याचा निर्णय घेतला. आपल्या घरी इतके भ्यायचे कारण नाही. साबणाची सवय पुरे आहे.

मे महिना आणि जानेवारी

टहरौलीची खरी परीक्षा हवामानाची. अलेप्पोचा उन्हाळाही कडक असतो, पण तिथला हॅमस्टर जमिनीखालच्या गारव्यात दिवस काढतो. पिंजऱ्यात त्याला ती सोय नाही. वीस ते चोवीस अंश त्याला मानवतात. तिशीच्या पुढे त्रास सुरू होतो. बुंदेलखंडात मे-जूनमध्ये पारा पंचेचाळिसाच्या वर जातो आणि लू वाहते. पिंजरा घरातल्या सर्वांत गार खोलीत जमिनीलगत ठेवावा. आत फरशीचा तुकडा आणि मातीचे पालथे मडके ठेवावे. बर्फ झालेली बाटली फडक्यात गुंडाळून पिंजऱ्याला बाहेरून टेकवावी. कूलरचा ओला झोत थेट सोडू नये, त्याने अंथरूण दमट होऊन बुरशी धरते. प्राणी पाय पसरून धापा टाकत निपचित पडला तर ताबडतोब गारव्यात न्यावे आणि पशुवैद्याला विचारावे. गार पाण्यात बुडवू नये.

जानेवारीच्या रात्री उलट असतात. फार थंडीत हॅमस्टर गारठून गाढ सुस्तीत जातो, श्वासही जाणवेनासा होतो. तो मेला असे समजून पुरण्याची घाई करू नये. उबदार खोलीत, तळहातांत हळूहळू ऊब द्यावी आणि मग पशुवैद्याला दाखवावे.

घेण्यापूर्वी

हॅमस्टर दोन-तीन वर्षे जगतो. सोनेरी जातीचा एका पिंजऱ्यात एकटाच ठेवावा लागतो, नाही तर मारामाऱ्या होतात. त्याची रोजची सफाई आईच्या कामांत गुपचूप जमा होऊ नये. मुलीने कोपरा आणि खाणे पाहावे, वडिलांनी पिंजरा धुवावा, असे आधीच ठरवावे. तहसिलीच्या गावातल्या पशुवैद्याचा बराचसा दिवस गाई-म्हशी आणि शेळ्यांत जातो. हॅमस्टर तपासणारा डॉक्टर जवळपास कोण, हे घेण्यापूर्वीच विचारावे. वीज गेल्यावर दुपारी खोली गार राहील का, हेही पाहावे.

या प्रश्नांची उत्तरे 'नाही' अशी आली तर मुलीला तसे सांगावे. दहा वर्षांच्या मुलांना कारण समजते. हॅमस्टरऐवजी गच्चीवर सावलीत चिमण्यांसाठी पाण्याचे पसरट मातीचे भांडे ठेवून ते रोज घासून भरण्याचे काम तिच्याकडे द्यावे. आणि हॅमस्टर घरात आलाच असेल, तर शाम्पूची पुडी परत कपाटात ठेवावी आणि आईने आणि मुलीने मिळून वाळू चाळायला बसावे.