श्वास घ्या, रोखा, सोडा

एक्स-रे विभागात काम करतो म्हटलं की समोरचा हमखास विचारतो, रेडिएशनची भीती नाही वाटत? त्या भीतीचा बंदोबस्त खरं तर चोख आहे. लेड अ‍ॅप्रनच्या आत छातीवर रेडिएशन मोजणारा टीएलडी बॅज असतो, दर तीन महिन्यांनी तो मोजणीला जातो. अणुऊर्जा नियामक मंडळाची मर्यादाही ठरलेली आहे: पाच वर्षांची सरासरी वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. कन्सोलमागे राहून नीट काम केलं तर आमचे आकडे याच्या बरेच खाली राहतात. कॉन्ट्रास्ट देताना सुई टोचली तर काय करायचं, हेसुद्धा ठरलेलं आहे. हिपॅटायटिस बीची लस आहे, एचआयव्हीसाठी ७२ तासांच्या आत सुरू करायची औषधं आहेत. मला काळजी आहे ती खोलीतल्या हवेची. तिला ना बॅज, ना रजिस्टर.

छातीचा एक्स-रे काढतो कसा, ते पाहा. पेशंट स्टँडला छाती टेकवतो, हनुवटी वरच्या कडेवर ठेवतो, खांदे पुढे घ्यायला आम्ही त्याच्या अगदी पाठीशी उभे. मग ‘मोठा श्वास घ्या, रोखून धरा’, आणि एक्सपोजर झालं की ‘सोडा’. हा सोडलेला श्वास आणि त्यामागून येणारी खोकल्याची उबळ जाणार कुठे? रेडिएशन बाहेर जाऊ नये म्हणून खोली बंद, आणि मशीनसाठी लावलेला स्प्लिट एसी तीच हवा फिरवत राहतो. टीबीचे जंतू वाहणारे कण तासन्‌तास तरंगू शकतात. अमेरिकेच्या सीडीसीचा तक्ता सांगतो की खोलीची हवा तासाला १२ वेळा बदलली तरी ९९ टक्के कण निघून जायला २३ मिनिटं लागतात. ६ वेळा बदलली तर ४६. ओपीडीच्या गर्दीत आमचा पुढचा पेशंट चार-पाच मिनिटांत आत येतो. त्यामुळे ‘तुमच्याकडे पेशंट दोनच मिनिटं असतो, वॉर्डातल्या सिस्टर दिवसभर असतात’ हे म्हणणं मला अर्धंच पटतं. पेशंट जातो, हवा राहते. मनगट मोडलं म्हणून आलेलं पोरही तीच हवा घेतं.

शिवाय सिस्टरना केस पेपरवर आजाराचं नाव वाचायला मिळतं. आमच्याकडे माणूस येतो तो नाव ठरायच्या आधी, चिठ्ठीवर ‘चेस्ट पीए’ एवढंच. यावर सांगतात, खोकणारा ओळखा, मास्क द्या, आधी मोकळा करा. हे करावंच. पण २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय टीबी सर्वेक्षणात छातीचा एक्स-रे वगळला असता, तर ४२.६ टक्के रुग्ण हातून निसटले असते. लक्षणांवरून ते सापडलेच नसते. असा माणूस जंतू कमी पसरवत असेल, हे मान्य. पण नुसत्या खोकल्यावर भिस्त ठेवणं किती कच्चं आहे, ते या आकड्यावरून दिसतं. राहता राहिला आमचा एन-९५. चेहऱ्याला घट्ट बसला तर उत्तमच, पण आठ तासांच्या ड्युटीत तो किती वेळा हनुवटीवर उतरतो, हे आम्हाला ठाऊक आहे.

मग उरतो उपाय हवा बदलण्याचा. त्यावर सगळ्यात जोरकस आक्षेप खिडकीचा: उघडली तर रेडिएशन बाहेर जाईल. पण एक्स-रे एक्सपोजरपुरताच असतो, बटण सुटलं की मागे काही उरत नाही. भिंतीत उंचावर, रेडिएशन सुरक्षा अधिकाऱ्याच्या (आरएसओ) संमतीने आडोसा देऊन एक्झॉस्ट पंखा बसवता येतो. लाखोंच्या मशीनशेजारी त्याचा खर्च किती? बसवण्याआधी एक उदबत्ती पेटवून चेस्ट स्टँडपाशी धरावी. धूर कन्सोलकडे वळतो, दाराच्या फटीतून बाकावर बसलेल्यांकडे जातो, की तिथेच घुटमळतो, ते दोन मिनिटांत दिसतं.