श्वास देणारा



गुडघेदुखीमुळे आम्ही दोघे पतिपत्नी महिनाभर इथे बेळगावात योगवर्गाला जातो आहोत. पहिल्या दिवशी वज्रासनात दोन मिनिटेही बसवेना. शेजारच्या आजी मात्र ताठ! ओंकार सुरू झाला तेव्हा आम्ही शांत राहिलो. शिकवणाऱ्या बाईंनीही आग्रह धरला नाही.

"धर्मशिक्षकच तिथे गेले, तर मुलांनी काय समजायचं?" चर्चमधल्या एका काकांनी विचारले. प्रश्न रास्त आहे. व्हॅटिकनने १९८९ साली ख्रिस्ती ध्यानाविषयी बिशपांना पत्र लिहिले, त्यात योगाचाही उल्लेख आहे. व्यायामाने मिळणाऱ्या स्वस्थतेला पवित्र आत्म्याचे सांत्वन समजू नये, असे ते बजावते.

शवासनात आम्हाला ते पटले. अंग सैल झाले, पण डोक्यात मुलीची फी आणि संपत आलेला गॅस! मग उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायातला माणूस आठवला: माती, आणि तिच्यात देवाने फुंकलेला श्वास. त्या देणाऱ्याला मनातल्या मनात हाक मारली. आमची प्रार्थना तिथून सुरू झाली. काकांनाही आम्ही हेच सांगितले.

हे प्रभू, आमचा प्रत्येक श्वास तुझे दान आहे, हे आम्हाला विसरू देऊ नकोस. आमेन.