दोनदा दाबला की लागतो



आज स्वयंपाकघर सोडून गाडीविषयी लिहिते आहे. आमची प्रीमियर पद्मिनी १९८६ सालची, सासऱ्यांनी घेतलेली. कुर्ल्याची ही प्रीमियर कंपनी १९४४ मध्ये काढली ती सोलापूरच्या शेठ वालचंद हिराचंद दोशींनी, म्हणजे आपल्याच समाजातल्या माणसानं. सासऱ्यांना त्याचा फार अभिमान. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर बंद झाली, पण आमच्या द्रोणागिरीच्या पार्किंगमध्ये आमची पद्मिनी अजून उभी आहे.

पावसाळाभर ती फारशी निघाली नाही. नंतर ब्रेकचं पॅडल मऊ लागायला लागलं. हे म्हणायचे, "काही नाही गं, दोनदा दाबला की लागतो." मी शेजारच्या सीटवर बसून तो दुसऱ्यांदा दाबलेला ब्रेक रोज ऐकत होते आणि गप्प होते.

मग एका रविवारी उरण-पनवेल रस्त्यावर, गव्हाण फाट्याच्या अलीकडे, पुढचा कंटेनरचा ट्रेलर अचानक थांबला. मागच्या सीटवर नात होती. यांनी ब्रेक दाबला, पॅडल खाली गेलं. पुन्हा दाबला, पुन्हा दाबला. गाडी थांबली तेव्हा ट्रेलर आणि आमच्यात हातभर अंतर होतं. त्या दिवशी परत येताना आम्ही दोघी रिक्षानं आलो. हे दुखावले, पण मी ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी गॅरेजवाल्या भाऊंनी सांगितलं की पॅडल मऊ होण्याची कारणं मोजकीच असतात. पाइपात हवा शिरली असेल, चाकातल्या ब्रेकचे लायनर झिजून ड्रमपासून लांब गेले असतील, रबरी होज फुगत असेल, किंवा कुठेतरी ब्रेक ऑइल गळत असेल. ऑइल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते, म्हणून हवा असली की पॅडल स्पंजासारखं लागतं. त्यांनी चारही चाकांची सेटिंग केली, हवा काढली. दोन दिवस बरं वाटलं, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

आता हे म्हणाले, "ऑइलची टाकी बघ, पातळी जशीच्या तशी. चाकं आतून कोरडी. गळत नाही म्हणजे दोष नाही."

इथे माझं बी.कॉम. जागं झालं. कॉलेजात आम्हाला पहिल्यांदा शिकवलं होतं की तेरीज जुळली म्हणजे वही बरोबर, असं नाही. एका चुकीनं दुसरी चूक झाकली, तरी दोन्ही बाजूंच्या बेरजा सारख्याच येतात. टाकीतलं ऑइल जुळत होतं, दाब जुळत नव्हता. मग तो जातो कुठे?

भाऊंनी मला सीटवर बसवलं. इंजिन बंद. "आधी जोरात दाबा, काकू." पॅडल थांबलं. "आता सावकाश दाबा आणि तसंच धरून ठेवा." मी पाय हलवला नाही, तरी पॅडल हळूहळू खाली निघालं आणि तळाला टेकलं. भाऊ म्हणाले, "मास्टर सिलिंडर."

या सिलिंडरच्या आत रबराचा कप असतो. पॅडल दाबलं की तो ऑइल चारही चाकांकडे ढकलतो. कपाची कड झिजली की ऑइल त्याच्या बाजूनं निसटून परत टाकीतच येतं. बाहेर थेंबही पडत नाही. जोरात दाबल्यावर कड भिंतीला चिकटते आणि ब्रेक लागतो, सावकाश दाबल्यावर निसटतो. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं, त्यानं सिलिंडर आतून गंजतो आणि तो गंज रबराला खरवडतो. आमचं जुनं ऑइल काढलं तेव्हा काढ्यासारखं काळपट निघालं. सिलिंडरला आतून खड्डे पडले होते, म्हणून नुसतं रबराचं किट न घालता अख्खा सिलिंडर बदलला.

हवा काढायला दोन माणसं लागतात. सुरुवात सर्वांत लांबच्या चाकापासून, म्हणजे मागच्या डाव्या. मी पॅडलवर, भाऊ चाकापाशी. "दाबा... धरा..." ते निपल उघडत, नळीतून बुडबुडे बाटलीत येत, ते निपल बंद करत. "सोडा." बंद व्हायच्या आत पाय उचलला तर हवा परत आत. बाटलीतलं ऑइल पुन्हा टाकीत घालायचं नाही, आणि रंगावर सांडलं तर लगेच पाण्यानं धुवायचं, नाहीतर रंग उतरतो.

आता निघण्यापूर्वी हे पॅडल दाबून मिनिटभर धरतात. मी घड्याळ बघते. पहिले काही दिवस त्यांना ते आवडलं नाही. परवा मी विसरले, तर स्वतःच म्हणाले, "अगं, मिनिट लाव."

मैत्रिणींनो, आपल्यापैकी पुष्कळजणी गाडी चालवत नाहीत, शेजारी बसतात. पण "दोनदा दाबला की लागतो" हे वाक्य कानावर आलं, तर त्याच दिवशी विचारा. मी तीन आठवडे गप्प बसले होते, आणि मागच्या सीटवर नात होती.