कूवमचे मुख

चेन्नईत नेपियर पुलापाशी कूवम नदी समुद्राला मिळते. मिळते म्हणण्यापेक्षा थबकते. लाटांनी लोटलेली वाळू तिचे मुख वारंवार बुजवते आणि शहराचे सांडपाणी तेथेच काळवंडून कुजते. वाळू उपसली, की तेच पाणी सागराच्या पोटात जाते. २०१९च्या उन्हाळ्यात याच शहराचे जलाशय आटले. जोलारपेट्टैहून आगगाडीच्या वाघिणींतून पाणी आणावे लागले. दाराशी नदी आणि घागर रिकामी! त्याच वर्षी कोडुंगैयूर व कोयंबेडू येथे, जिवाणूंकरवी घाण पचवून घेतलेले सांडपाणी अतिसूक्ष्म पडद्यांतून गाळणारी केंद्रे सुरू झाली. प्रत्येकाची क्षमता दररोज साडेचार कोटी लिटर. हे पाणी कारखान्यांना जाते. तेवढे गोडे पाणी माणसांसाठी उरते. कूवममध्ये मात्र शुद्ध न केलेले सांडपाणी अजूनही मिसळतेच.