शिंगरांची वार्षिक परीक्षा

मार्च महिना उजाडला की गिरगावातल्या चाळींवर आणि दादरच्या ब्लॉकांवर एक प्रकारची अवकळा पसरते. टीव्हीवर चादर पडते, पाहुण्यांना ‘मे महिन्यात सवडीने या हं’ असे गोड आवाजात सुचवले जाते, आणि घरोघरच्या माता दुधात बदाम उगाळू लागतात. नेमक्या याच दिवसांत, लोअर परळपासून हाकेच्या अंतरावर, महालक्ष्मीच्या मैदानावर आणखी काही विद्यार्थी परीक्षेला बसलेले असतात. त्यांना पाय चार, वय जेमतेम तीन, आणि त्यांचा पेपर दीड मिनिटात संपतो!

मध्यमवर्गीय घरांत ‘रेसकोर्स’ हा शब्द नेहमी दबक्या आवाजात उच्चारला गेला. पगाराचे पाकीट घरी पोहोचण्याआधी जिथे रिकामे होते ती जागा, एवढीच त्याची व्याख्या. लालबाग-परळच्या गिरणगावात तर या व्याख्येपायी कित्येक माउलींनी डोळ्यांतून पाणी काढले. ते सारे खरेच आहे. पण त्या पापात घोड्याचा वाटा काय? त्याला ना तिकीट कळते, ना जॅकपॉट. तो बिचारा धाव म्हटले की धावतो.

घोड्याशी मुंबईचे नाते तसे जुने. १८७४ पासून १९०५ पर्यंत या शहरातल्या ट्रामगाड्या घोडेच ओढत. पुढे व्हिक्टोरिया उरल्या. २०१५ साली उच्च न्यायालयाने त्याही बेकायदा ठरवल्या. काळा घोडा तर १९६५ मध्ये आपल्या राजेशाही स्वारासह भायखळ्याच्या बागेत गेला, आणि त्याच्या जुन्या नाक्यावर २०१७ मध्ये जो नवा घोडा उभा राहिला त्याच्या पाठीवर स्वारच नाही. तेव्हा लग्नाच्या वरातीतला झूल पांघरलेला, बँडने भेदरलेला घोडा वगळला, तर जातिवंत घोडा डोळे भरून पाहायला मुंबईकराने जायचे कुठे? महालक्ष्मीला!

वाचकहो, एकदा पहाटेची गाडी पकडून जाच. महालक्ष्मी स्टेशनच्या पुलावर एका अंगाला धोबीघाट दिसतो, आणि दुसरीकडे थोडे चालले की एकदम आभाळ मोकळे होते. भायखळ्याची शर्यत येथल्या दलदलीच्या सपाटीवर आणून १८८३ साली हे मैदान बांधले. नमुना घेतला तो थेट ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नच्या कॉलफील्ड मैदानाचा. लंबवर्तुळाकार धावपट्टी २४०० मीटरांची. पूर्वी तिच्यामागे गिरण्यांची धुराडी दिसत; आता काचेचे मनोरे दिसतात. आतल्या वाटेवर पेन्शनर मंडळी मफलर गुंडाळून फेऱ्या मारत असतात, आणि त्यांच्या पलीकडून धुक्यातून आधी टापा ऐकू येतात, मग फुरफुर, आणि मग घामाने चमकणारा एक देह विजेसारखा निघून जातो. पेन्शनरांतला एखादा ब्लडप्रेशर विसरून ‘वा!’ म्हणतो.

या शाळेचे वेळापत्रक समजून घेण्यासारखे आहे. मुंबईचा हंगाम नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत. पावसाळ्यात सारी वरात पुण्याला. घोड्याचे शिंगरू कुठल्याही महिन्यात जन्मो, आपल्याकडच्या शर्यतीच्या दप्तरी सगळ्यांचा वाढदिवस एकच, १ जानेवारी. त्यामुळे डिसेंबरात दोन वर्षांचा म्हणून पळालेला बच्चा जानेवारीत एका रात्रीत तीन वर्षांचा होतो. थोरांची मोठी परीक्षा म्हणजे इंडियन डर्बी. ती चार वर्षांच्या घोड्यांची, पल्ला २४०० मीटर, मुहूर्त फेब्रुवारीचा पहिला रविवार. १९४३ साली ती पहिल्यांदा झाली आणि बडोद्याच्या महाराजांची ‘प्रिन्सेस ब्युटिफुल’ ही घोडी जिंकली. डर्बी झाली की टोप्या आणि कॅमेरे घरी जातात. पण खरी मौज पाहणाऱ्याची त्यानंतरच सुरू होते. कारण आता नजरा वळतात त्या तीन वर्षांच्या कोवळ्या मंडळींकडे. पुढच्या फेब्रुवारीतला राजा यांच्यातच कुठेतरी लपलेला असतो.

अशाच एका मार्चच्या सकाळी तबेल्याच्या बाजूला एका म्हाताऱ्या मोतद्दाराशी माझी गाठ पडली. गडी माणदेशाकडचा, तोंडात तंबाखू, हातात खरारा. समोर एक तांबूस घोडी, कपाळावर चांदणी, कान सारखे मागेपुढे. तो तिच्या पुढच्या पायाच्या नळीवरून पालथा हात फिरवत होता. आई तापलेल्या पोराचे कपाळ पाहते ना, अगदी तसा.

“काय मामा, रविवारी पळणार का ही?” मी विचारले.

“न्हाय सायेब. नाव काढलंय काल. नळी जराशी गरम लागली.”

“मालक रागावले असतील.”

“रागावले तर! पाव्हणे बोलावले हुते त्यांनी. पर आमचा ट्रेनर खमक्या. म्हनला, घोडी माझ्या हवाली केलीया, तर निर्णय बी माझाच.” मग घोडीच्या मानेवर थाप मारून तो म्हणाला, “बच्चं हाय अजून. घाई केली की पाय जातो. पाय गेला की घोडा गेला.”

त्या एका वाक्यात पुष्कळसे अश्वशास्त्र आले. घोडा दोन वर्षांत उंचीने भरतो, पण हाडे मागाहून पक्की होतात. पुढच्या गुडघ्याच्या वरचा वाढीचा सांधा मिटायला दोन-अडीच वर्षे लागतात. पाठीच्या मणक्यांना तर पाच-सहा. नुसते बांधून ठेवावे तर हाड कच्चे राहते, कारण ते कामानेच घट्ट होते. आणि काम अति झाले, तर नळीच्या पुढच्या अंगाला कळ लागते आणि घोडा लंगडतो. त्यात हंगामाच्या शेवटाला दोन संकटे एकदम येतात. चार-पाच महिन्यांच्या मेहनतीने बच्चे शिणलेले असतात, आणि पावसाचा थेंबही न पाहिलेली जमीन, कितीही पाणी मारले तरी, कडक झालेली असते. नेमक्या याच वेळी मालकाच्या मनात येते, ‘जाता जाता एक शर्यत मारून टाकू!’

आणि पणाला लागतो तो एकटा घोडाच नव्हे. त्याच्या पाठीवरही बहुधा एक कोवळा जीव असतो. १९७९ साली याच मैदानावरच्या अपघाताने विशी न गाठलेला गुणी जॉकी कार्ल उम्रीगर आपल्यातून गेला. शर्यतीच्या जुन्या शौकिनांपाशी त्याचे नाव काढले की अजून बोलणे थांबते.

आता जरा मैदानाबाहेरच्या जगाकडे पाहू. घोडेस्वारीत ‘इव्हेंटिंग’ नावाचा एक प्रकार आहे. एकाच घोड्याने आधी शिस्तीची कवायत करायची, मग रानावनातून खंदक-कुंपणे ओलांडत दौडायचे, आणि शेवटी मैदानातले अडथळे एकही दांडी न पाडता उड्या मारून पार करायचे. म्हणजे एकाच मुलाला संस्कृत, कुस्ती आणि गणित! या प्रकारातल्या तरुण घोड्यांची जागतिक स्पर्धा दरवर्षी ऑक्टोबरात, तिकडचा हंगाम संपता संपता, फ्रान्समधल्या ल लिओं दांजे या गावी भरते. आणि तेथे ‘तरुण’ म्हणजे किती वर्षांचा घोडा? सहा आणि सात! महालक्ष्मीला ज्या वयात शर्यतीच्या घोड्याला निरोप द्यायची भाषा सुरू होते, त्या वयाचा घोडा तेथे अजून बालवर्गात.

आपल्या फवाद मिर्झाने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत याच खेळात वैयक्तिक रौप्यपदक मिळवले. २०२१ मध्ये टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये तो ज्या घोड्यावर बसून तेविसावा आला, तो ‘सेन्यर मेडिकॉट’ तेव्हा पंधरा वर्षांचा होता. तिसऱ्या वर्षीच त्याचा पाय कोणी मोडून ठेवला असता तर? आणि आपल्या मुंबईचाही एक गडी या वाटेने गेला आहे. इम्तियाज अनीस २००० साली सिडनीच्या ऑलिंपिकमध्ये इव्हेंटिंगमध्येच उतरला होता.

ही दुसरी शाळा पाहायला फ्रान्सलाच जावे लागते असे मात्र नाही. महालक्ष्मीच्याच मैदानावर अ‍ॅमॅच्युअर रायडर्स क्लबचा तबेला आहे. शर्यतीतून निवृत्त झालेले कित्येक घोडे येथे येतात आणि पुन्हा पहिलीत बसतात. आयुष्यभर ‘पळ’ एवढेच शिकलेल्या जिवाला आता ‘थांब’ शिकायचे असते. दुडकी चाल, गोल फेरा, जमिनीवर टाकलेली दांडी, मग वीतभर उंच दांडी. पाठीवर आठ-दहा वर्षांची पोरगी, डोक्याला शिरस्त्राण, जीभ दातांत धरलेली. एकेकाळी वाऱ्याशी भांडणारा तो घोडा तिला सांभाळून नेतो, तेव्हा पाहणाऱ्याला गहिवरून येते. पण हे भाग्य कोणाचे? ज्याचे पाय शाबूत राहिले त्याचे. कोणीतरी कधीतरी एका रविवारी नाव मागे घेतले म्हणून हा आज येथे उभा आहे.

परळचाही या कथेत वाटा आहे. जनावरांचा बाई साकरबाई पेटिट दवाखाना १८८३ चा, त्याच भागातले पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ चे. परळच्याच हाफकिन संस्थेला पुण्याच्या पूनावालांच्या फार्मवरचे निवृत्त घोडे जात, कारण त्यांच्या रक्तातून औषधी सीरम तयार होई. त्यातूनच पूनावालांना सुचले आणि १९६६ साली पुण्यात सीरम इन्स्टिट्यूट निघाली. पळून संपलेल्या घोड्यानेही माणसाचे केवढे कल्याण केले पाहा!

मैदानाचेही दिवस बदलले. २०२४ मध्ये त्यातली १२० एकर जागा सार्वजनिक उद्यानासाठी महापालिकेकडे आली आणि ९१ एकर शर्यतीच्या क्लबाकडे राहिली. उद्यान सर्वांचेच व्हावे. फक्त तेथे फिरायला जाणाऱ्या आईबापांनी मुलाचे बोट धरून जरा कुंपणापाशीही थांबावे. नुकताच निकाल लागलेला असेल तर अवश्य थांबावे.

कारण एप्रिल संपला की घोड्यांच्या मोटारी बोरघाट चढू लागतात. कोणी ढाल-करंडक मिळवून चाललेला असतो, कोणी सहावा-सातवा येऊन. आणि एखादी तांबूस घोडी शेवटच्या पेपराला न बसताच चाललेली असते. तिच्या गाडीत चंदीची पिशवी घेऊन बसलेल्या मोतद्दाराला विचारा, यंदा काय मिळवले म्हणून. तो नळीवर हात ठेवून सांगेल, “थंडगार हाय, सायेब!”