घाटापूर्वीची परीक्षा

परीक्षा म्हटली कीं विद्यार्थ्यांच्या कपाळास आंठी पडते, आणि निकाल लागेपर्यंत आईबापांसहि सुखाची झोंप येत नाहीं. परंतु परीक्षा ही वैरीण नसून हितकर्ती आहे, हें एका जुन्या अमेरिकन पिकप मोटारीनें मला जसें पटवून दिलें, तसें कोणत्याहि ग्रंथानें दिलें नाहीं.

ही मोटार पिंप्राळ्यांतील एका मिस्त्र्याकडे दुरुस्तीस आली होती. तिच्या मागच्या ॲक्सलास दोन वेग होते. गियरपेटीचे वेग निराळेच. भरल्या मालानिशीं चढ चढण्यास एक, व सपाटीवर धांवण्यास दुसरा. हा पालट करी हवा. एंजिन श्वास घेतें तेव्हां त्याच्या नळींतील हवा विरळ होते. ती नळी ॲक्सलावरील एका डब्यास जोडलेली असते, व डब्यांत लवचिक पडदा असतो. एका बाजूची हवा ओढली गेली म्हणजे दुसऱ्या बाजूची हवा पडद्यास ढकलते, आणि पडद्याची दांडी आंतील गियर सरकविते. पडदा ७ इंच व्यासाचा मानिला तर त्याचें क्षेत्रफळ ३८.५ चौरस इंच. दर चौरस इंचास १० पौंडांचा फरक पडला तरी रेटा ३८५ पौंडांचा होतो! सतराव्या शतकांत जर्मनींतील ओटो फॉन गेरिक यानें दोन अर्धगोल जुळवून आंतील हवा काढली, तेव्हां घोडे जुंपूनहि ते विलग होईनात. तेंच हें बळ.

मात्र नळी किंचित् फुटली तरी दांडी अर्ध्यावर थांबण्याचा संभव असतो. मग ॲक्सल ना या वेगांत, ना त्या. एंजिनाचा व चाकांचा संबंधच तुटतो. चाळीसगांव-कन्नड मार्गावरील औट्रम घाटाच्या उतारावर असें झालें, तर सारा भार एकट्या ब्रेकांवर येईल, व ते तापून निकामी झाल्यास पुढें दरी!

मालक म्हणाले, "आवाज तर ठीक आहे, जाऊं द्या."

मिस्त्री म्हणाला, "शेठ, आवाजावर घाट उतरतां येत नाहीं."

त्यानें पुढच्या चाकांस दगड लावले, मागची बाजू उचलून भक्कम ठोकळ्यांवर टेकविली, आणि चाकांवर व मधल्या शाफ्टवर खडूच्या खुणा केल्या. एंजिन बंद ठेवून हातपंपानें डब्यांतील हवा ओढली. दाबमापकाची सुई हळूहळू घसरूं लागली. शोध करितां सांध्याजवळ रबरी नळीस चीर आढळली. नवी नळी बसवितांच सुई स्थिर राहिली. मग दोन्ही मागचीं चाकें एकदम दहा वेळां फिरविलीं. एका वेगांत शाफ्टचे फेरे अठ्ठावन्नाहून किंचित् अधिक झाले, दुसऱ्यांत एक्यायशींहून. ॲक्सलाचीं प्रमाणें ५.८३ व ८.११ होतीं, हिशेब जुळला. दोन्ही वेग पुरतेपणीं बसत होते.

विद्यार्थिमित्रहो, शाळा हें तुमचें अंगण आहे, घाट पुढें आहे. येथें सांपडलेली चीर एका नळीच्या किंमतींत भरून निघते. तेथें सांपडलेलीची किंमत कोणी सांगावी? आणि पालकांस एवढीच विनंति, कीं सुई घसरली म्हणून त्या मिस्त्र्यानें मोटारीस दोष दिला नाहीं, कीं ती भंगारांतहि टाकली नाहीं. त्यानें नळी बदलली, आणि पुन्हां मोजलें.