बायबल आधी, दृष्टांत नंतर : ॲडव्हेंटिस्ट इतिहासाच्या वाटेवर

सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट मंडळीच्या २८ मूलभूत विश्वासतत्त्वांपैकी पहिले तत्त्व बायबलविषयी आहे आणि अठरावे भविष्यवादाच्या दानाविषयी. पहिल्यात पवित्र शास्त्र हेच श्रद्धेचे प्रमाण मानले आहे. अठराव्यात एलन जी. व्हाइट (१८२७–१९१५) या अमेरिकन स्त्रीच्या लेखनाला संदेष्ट्याचा अधिकार दिला आहे. पण कोणतीही शिकवण पारखायची ती बायबलवरच, असेही तिथेच म्हटले आहे. एका ग्रंथाला अंतिम प्रमाण मानायचे आणि त्यानंतर अठरा शतकांनी झालेल्या लेखनामागेही ईश्वरी प्रेरणा पाहायची, या दोन गोष्टी एकत्र कशा नांदतात हे नुसत्या तत्त्वांच्या यादीवरून कळत नाही. हे नाते निराशेतून, अभ्यासातून आणि वादांतून घडत गेले. ज्या गावांत ते घडले, ती गावे आजही पाहता येतात. न्यू यॉर्क राज्यातल्या एका शेतावर ही वाट सुरू होते, मिशिगनमधून जाते आणि कॅलिफोर्नियाच्या द्राक्षमळ्यांत पोहोचते. तिचा एक फाटा पुण्यातही येतो.

न्यू यॉर्क राज्याच्या पूर्व टोकाला, व्हरमाँटच्या सीमेलगत लो हॅम्प्टन आहे. विल्यम मिलर (१७८२–१८४९) या शेतकऱ्याचे घर तिथे जपलेले आहे. १८१२च्या युद्धात कॅप्टन म्हणून लढलेला मिलर तरुणपणी बायबलला ईश्वरी ग्रंथ मानत नव्हता. १८१६ मध्ये त्याची श्रद्धा पालटली, तेव्हा थट्टा करणाऱ्या जुन्या मित्रांना उत्तर देता यावे म्हणून त्याने बायबल आणि क्रूडेनची शब्दसूची एवढीच साधने घेऊन अभ्यास मांडला. उत्पत्तीपासून एकेक वचन घ्यायचे, अडलेल्या शब्दाचे बायबलमधले इतर उल्लेख काढायचे आणि अर्थ लागल्याशिवाय पुढे जायचे नाही, अशी त्याची रीत होती. दानीएल ८:१४ मधल्या २,३०० दिवसांची त्याने वर्षे धरली, गणनेचा आरंभ इ. स. पूर्व ४५७ मध्ये मानला आणि ख्रिस्ताचे दुसरे आगमन १८४३च्या सुमारास होईल, असा निष्कर्ष काढला. पुढे त्याच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख निश्चित केली.

घरामागे एक सपाट खडक आहे. त्या दिवशी विश्वासी तिथे ख्रिस्ताची वाट पाहत उभे होते, असे परंपरा सांगते. दिवस सरला, ख्रिस्त आला नाही. ॲडव्हेंटिस्ट इतिहासात हा दिवस ‘मोठी निराशा’ या नावाने ओळखला जातो. मिलरने १८४८ मध्ये घराजवळ बांधलेले लाकडी प्रार्थनागृहही तिथे उभे आहे. त्याची कालगणना फसली, तरी बायबलचा अर्थ बायबलनेच लावायचा आणि तो लावण्याचा अधिकार साध्या शेतकऱ्यालाही आहे, ही त्याची शिकवण अनुयायांत खोल रुजली. पुढे त्यांच्यात दृष्टांत पाहणारी व्यक्ती पुढे आली, तेव्हा तिला याच शिकवणीच्या चौकटीत स्थान मिळायचे होते.

निराशेनंतर चळवळीची शकले झाली. ईअरी कालव्याकाठच्या पोर्ट गिब्सन गावात हायरम एडसन या शेतकऱ्याला दुसऱ्याच सकाळी असे उमगले की तारीख बरोबर होती, घटना मात्र चुकीची समजली गेली होती. ख्रिस्त पृथ्वीवर यायचा नव्हता. स्वर्गीय पवित्रस्थानातल्या सेवेचा त्याचा नवा टप्पा सुरू झाला होता. एडसन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी शास्त्राभ्यास करून हा विचार पक्का केला आणि ओ. आर. एल. क्रोझियरने तो १८४६ मध्ये विस्ताराने प्रसिद्ध केला. शब्बाथाच्या, म्हणजे साप्ताहिक विश्रामदिवसाच्या, शिकवणीचा मार्ग वेगळा होता. न्यू हॅम्पशायरमधल्या वॉशिंग्टन गावी रेचल ओक्स या सेव्हन्थ-डे बॅप्टिस्ट स्त्रीमुळे काही ॲडव्हेंटिस्ट शनिवारचा शब्बाथ पाळू लागले. निवृत्त जहाज-कप्तान जोसेफ बेट्स याने १८४६ मध्ये त्यावर पुस्तिका लिहून तो सर्वदूर पोहोचवला. पंथाच्या या दोन आधारशिलांचा उगम कोणाच्या दृष्टांतात नव्हता, यावर ॲडव्हेंटिस्ट इतिहासकार नेहमी भर देतात.

मेन राज्यातल्या पोर्टलंड बंदरात या कथेचा दुसरा धागा सुरू होतो. टोप्या बनवणाऱ्या रॉबर्ट हार्मन यांची मुलगी एलन हिचा जन्म २६ नोव्हेंबर १८२७ रोजी जवळच्याच गोरहॅममध्ये झाला. नऊ वर्षांची असताना दुसऱ्या एका मुलीने मारलेला दगड लागून ती गंभीर जखमी झाली आणि तिचे शालेय शिक्षण जवळजवळ तिथेच संपले. मिलरची शिकवण स्वीकारल्यामुळे हार्मन कुटुंबाला मेथडिस्ट मंडळीने वगळले होते. डिसेंबर १८४४ मध्ये काही स्त्रियांसोबत प्रार्थना करत असताना सतरा वर्षांच्या एलनला पहिला दृष्टांत झाला. त्यात विश्वासी उंचावरच्या एका अरुंद वाटेने स्वर्गीय नगरीकडे चालले होते. निराशेने खचलेल्या लोकांना त्यातून धीर मिळाला. १८४६ मध्ये तिचा विवाह जेम्स व्हाइट या तरुण प्रचारकाशी झाला.

बायबल आणि दृष्टांत यांचा क्रम कसा लावायचा, हा प्रश्न तेव्हापासूनच होता. १८४८ मध्ये कनेक्टिकटमधल्या रॉकी हिल येथून शब्बाथ पाळणाऱ्यांच्या परिषदा सुरू झाल्या. मंडळी तासन्‌तास वचने तपासत. अभ्यास अडला तर प्रार्थना होई आणि कधी कधी अशा वेळी एलनला दृष्टांत होई. हे दृष्टांत अभ्यासाला दुजोरा देत, चुकीची वाट बंद करत आणि मतभेद मिटवत. १८५१ मधल्या आपल्या पहिल्या पुस्तिकेत तिने वाचकांना श्रद्धेचा आणि आचरणाचा नियम म्हणून बायबलच्याच हवाली केले. जेम्स व्हाइटने तर त्या वर्षापासून ‘रिव्ह्यू अँड हेरल्ड’ या मुखपत्रात दृष्टांत छापणे जवळजवळ थांबवले. या लोकांचा धर्म दृष्टांतांवर उभा आहे, असा कोणाचा समज होऊ नये, हा त्यामागचा हेतू होता.

१८५५ मध्ये छापखाना आणि त्याबरोबर पंथाचे केंद्र मिशिगनमधल्या बॅटल क्रीकला आले. शहराच्या पश्चिम भागात ‘हिस्टॉरिक ॲडव्हेंटिस्ट व्हिलेज’ आहे. व्हाइट दांपत्याचे १८५६ चे लाकडी घर आणि जुन्या सभागृहाची नव्याने उभारलेली प्रतिकृती तिथे पाहता येते. १८५८ मध्ये ओहायोतल्या लव्हेट्स ग्रोव्ह येथे झालेल्या दृष्टांतानंतर एलन व्हाइटने ‘द ग्रेट कॉन्ट्रोव्हर्सी’ या ग्रंथाचे पहिले रूप याच घरात लिहिले.

पण बायबल आणि दृष्टांत यांचे नाते ज्या प्रसंगात सर्वांत स्पष्ट दिसते, तो नोव्हेंबर १८५५ च्या परिषदेतला आहे. शब्बाथ नेमका केव्हा सुरू होतो, हा त्या वेळचा वाद होता. बेट्सच्या मते शुक्रवारी संध्याकाळी सहाला. पृथ्वीवर सर्वत्र एकच वेळ हवी, असे तो सांगे. बहुतेक विश्वासी, खुद्द एलन व्हाइटसुद्धा, तसेच मानत. जे. एन. अँड्र्यूज या तरुण अभ्यासकाने दोन्ही करारांतली वचने तपासून शब्बाथ सूर्यास्ताला सुरू होतो, असे दाखवून दिले. जवळजवळ सर्वांना ते पटले. बेट्स आणि एलन व्हाइट यांना मात्र पटले नाही. परिषद संपता संपता तिला दृष्टांत झाला आणि त्यात तिचेच मत दुरुस्त झाले. बायबलमधून पुरावा आधी आला, दुजोरा नंतर आला, आणि तो दृष्टांत पाहणारीच्या स्वतःच्या मताविरुद्ध गेला. दृष्टांत हे तिच्या मनाचे प्रतिबिंब होते, या आक्षेपाला उत्तर देताना ॲडव्हेंटिस्ट लेखक आजही हा प्रसंग सांगतात.

मे १८६३ मध्ये बॅटल क्रीकलाच जनरल कॉन्फरन्सची, म्हणजे मंडळीच्या मध्यवर्ती संघटनेची, स्थापना झाली. तेव्हा पंथाचे सुमारे ३,५०० सभासद होते. त्याच सुमारास भविष्यवादाच्या दानाची शास्त्रीय मांडणीही घडत गेली. योएल २:२८ मध्ये शेवटल्या काळात मुले आणि मुली संदेश देतील, असे वचन आहे. पौलाने भविष्यवादाला आत्मिक दानांत गणले आहे आणि थेस्सलनीकाकरांना त्याचा धिक्कार न करता सर्व गोष्टी पारखून घ्यायला सांगितले आहे. प्रकटीकरण १२:१७ आणि १९:१० एकत्र वाचून अवशिष्ट, म्हणजे शेवटच्या काळात एकनिष्ठ उरलेल्या, मंडळीजवळ हे दान असेल, असा निष्कर्ष ॲडव्हेंटिस्ट काढतात. पारखण्याच्या कसोट्याही बायबलमधल्याच आहेत: पूर्वीच्या शास्त्राशी मेळ, ख्रिस्ताविषयीची कबुली, जीवनाचे फळ आणि भाकितांची पूर्तता.

अधिकृत बायबलबाहेरच्या संदेष्ट्यांचा दाखला या मांडणीत महत्त्वाचा आहे. नाथान आणि गाद यांच्या लेखनाचा उल्लेख १ इतिहास २९:२९ मध्ये आहे, पण त्यांचे ग्रंथ बायबलमध्ये नाहीत. हुल्दा, अगब आणि फिलिप्पाच्या चार मुली यांनीही ईश्वराचा संदेश दिला, पण त्यांच्या नावाचे पुस्तक नाही. तरीही दावीद राजाने नाथानाचे शब्द ईश्वराचे म्हणूनच ऐकले. ॲडव्हेंटिस्ट एलन व्हाइटला याच ओळीत बसवतात: प्रेरणा खरी, पण लेखन बायबलचा भाग नाही. तिने स्वतः या नात्यासाठी दोन प्रकाशांची उपमा वापरली: आपले लेखन म्हणजे लहान प्रकाश, आणि त्याचे काम माणसांना बायबलच्या मोठ्या प्रकाशाकडे नेणे.

या भूमिकेची मोठी कसोटी १८८८ मध्ये जनरल कॉन्फरन्सच्या मिनियापोलिस अधिवेशनात लागली. गलतीकरांस पत्रातले नियमशास्त्र कोणते, यावर ई. जे. वॅगनर आणि ए. टी. जोन्स या तरुणांचा ज्येष्ठ नेत्यांशी वाद पेटला होता. एलन व्हाइटने अनेक वर्षांपूर्वी याविषयी लिहिलेले एक पत्र वादाचा निकाल लावील, असे काहींना वाटत होते. ते पत्र मात्र सापडेना. त्यात ईश्वराची योजना आहे, असे ती म्हणाली आणि बायबल घेऊन बसा, असे तिने दोन्ही बाजूंना सांगितले.

बॅटल क्रीकचे वैभव १९०२ मध्ये ओसरू लागले. फेब्रुवारीत डॉ. जॉन हार्वे केलॉगचे प्रसिद्ध सॅनिटेरियम म्हणजे आरोग्यधाम जळाले, डिसेंबरात छापखाना. पुढच्या वर्षी मुख्यालय राजधानी वॉशिंग्टनजवळ गेले. पुन्हा बांधलेल्या सॅनिटेरियमच्या इमारतीत आज सरकारी कार्यालये आहेत. ओक हिल दफनभूमीत एलन आणि जेम्स व्हाइट शेजारी शेजारी विसावले आहेत. केलॉग आणि गुलामगिरीविरुद्ध लढलेली सोजर्नर ट्रूथ यांच्या कबरीही तिथेच आहेत.

एलन व्हाइटची शेवटची वर्षे कॅलिफोर्नियातल्या नापा खोऱ्यात, सेंट हेलेनाजवळच्या ‘एल्म्सहेवन’मध्ये गेली. ऑस्ट्रेलियाहून परतल्यावर १९०० मध्ये तिने हे व्हिक्टोरियन धाटणीचे घर घेतले. वरच्या मजल्यावरची तिची लेखनाची खोली पाहुण्यांना दाखवतात. १९११ मध्ये ‘द ग्रेट कॉन्ट्रोव्हर्सी’ची सुधारलेली आवृत्ती इथेच तयार झाली. त्या आवृत्तीत इतिहासकारांच्या उताऱ्यांचे संदर्भ जोडले गेले आणि काही वाक्यरचना बदलली. लेखनातला शब्दन्‌शब्द ईश्वराने सांगितला, असे मानणाऱ्यांना हे बदल खटकले. पण शब्दांना नव्हे, तर माणसाला आणि त्याच्या विचारांना प्रेरणा मिळते, ही भूमिका जनरल कॉन्फरन्सने १८८३ मध्येच घेतली होती. बायबललाही तेच लागू आहे, असे एलन व्हाइटचे म्हणणे होते.

याच काळात दानीएलाच्या आठव्या अध्यायातल्या ‘नित्य’ या शब्दावरून नवा वाद झाला. जुन्या मताचे लोक तिच्या सुरुवातीच्या पुस्तकाचा हवाला देत होते. या मुद्द्यावर आपल्याला काही दाखवले गेलेले नाही, म्हणून आपले लेखन निकालासाठी वापरू नये, असे तिने १९१० मध्ये कळवले. १६ जुलै १९१५ रोजी याच घरात तिचे निधन झाले.

तिच्या मृत्युपत्राने नेमलेले विश्वस्त मंडळ, म्हणजेच एलन जी. व्हाइट इस्टेट, आता मेरिलँडमधल्या सिल्व्हर स्प्रिंग येथे जनरल कॉन्फरन्सच्या मुख्यालयात आहे. तिच्यानंतरचा प्रश्न अधिक अवघड होता, कारण दुरुस्ती करायला ती स्वतः नव्हती. १९१९ च्या बायबल परिषदेत जनरल कॉन्फरन्सचे अध्यक्ष ए. जी. डॅनिएल्स यांनी तिच्या लेखनाला निर्दोष मानण्याविरुद्ध इशारा दिला. त्या परिषदेची टिपणे १९७४ मध्ये सापडेपर्यंत दृष्टीआड राहिली. मधल्या दशकांत अनेक घरांत आणि शाळांत तिची वाक्ये वादातला शेवटचा शब्द होऊन बसली. मग १९७६ मध्ये रॉनल्ड नंबर्स यांनी तिच्या आरोग्यविषयक विचारांचे समकालीन स्रोत दाखवले आणि १९८२ मध्ये वॉल्टर रे यांनी इतर लेखकांकडून घेतलेल्या मजकुरावर पुस्तक लिहिले. मंडळीने फ्रेड वेल्टमन यांच्याकडून तिच्या ‘द डिझायर ऑफ एजेस’ या ग्रंथाचा दीर्घ अभ्यास करून घेतला. १९८८ मध्ये पूर्ण झालेल्या त्या अभ्यासाने स्रोतांचा वापर मान्य केला. प्रेरित लेखकही उपलब्ध साधने वापरतो, हे सांगताना ॲडव्हेंटिस्ट लूकच्या शुभवर्तमानाच्या प्रस्तावनेकडे बोट दाखवतात.

भविष्यवादाच्या दानाविषयीच्या तत्त्वाची भाषाही बदलत गेली. १९८० च्या मसुद्यात तिच्या लेखनाला सत्याचा सातत्यपूर्ण आणि अधिकृत स्रोत म्हटले होते. २०१५ च्या सॅन अँटोनियो अधिवेशनात तो शब्दप्रयोग गेला आणि त्याजागी संदेष्ट्याच्या अधिकाराचा उल्लेख आला. तिची अप्रकाशित पत्रे आणि हस्तलिखितेही त्याच वर्षी सर्वांसाठी खुली झाली.

एलन व्हाइट भारतात कधी आली नाही, तिची पुस्तके मात्र आली. पुण्यात सॅलिसबरी पार्कमध्ये ओरिएंटल वॉचमन पब्लिशिंग हाऊस हा पंथाचा छापखाना आहे आणि औंध रस्त्यावर स्पायसर ॲडव्हेंटिस्ट विद्यापीठ. विद्यापीठाचे नाव डब्ल्यू. ए. स्पायसर यांच्यावरून पडले. १८९८ मध्ये ते कलकत्त्याला येऊन ‘ओरिएंटल वॉचमन’चे संपादन करू लागले होते. शनिवारच्या शब्बाथ शाळेत इथेही क्रम तोच असतो: बायबलमधला पाठ आधी, त्यावर चर्चा, आणि जोड म्हणून एलन व्हाइटचा उतारा.

बाप्तिस्मा घेणारा विश्वासी भविष्यवादाचे दान मान्य करतो, पण प्रतिज्ञेत एलन व्हाइटचे नाव नसते. टीकाकारांचा प्रश्न तरी उरतोच: बायबलचा अर्थ तिच्या चष्म्यातून लावल्यावर बायबल तिला पारखणार कसे? या प्रश्नाचे ॲडव्हेंटिस्टांकडे असलेले सर्वांत सबळ उत्तर त्यांच्या आचरणाच्या इतिहासात आहे. १८५५, १८८८ आणि १९१० या तिन्ही वेळी वादाचा निकाल तिच्या अधिकारावर लागला नाही; त्यातल्या दोन वेळी ती सोय तिने स्वतः नाकारली. तिच्या लेखनाचा मान राखायचा तर बायबल उघडून बसायचे, असा धडा या स्थळांच्या इतिहासातून मिळतो, आणि या धड्याचे पालन जिथे होते तिथेच पहिले आणि अठरावे ही दोन्ही तत्त्वे एकमेकांना छेद न देता उभी राहतात.